मोबाइलवर मगरीचा फोटो कसा काढायचा? (जवळ न जाता!)

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकरांना मगर बघायला फार लांब जावं लागत नाही. पवई तलावात मगरी आहेत. चिपळूणला वाशिष्ठीत बोटीतून त्या दिसतात; २०२४ च्या पावसाळ्यात तर एक मगर तिथल्या रस्त्यावरच फिरताना दिसली होती.

फोटोत मगर एवढीशी का दिसते?

मोबाइलचा मुख्य कॅमेरा वाइड असतो. ३० मीटरवरून तो साधारण ४५ मीटर रुंदीचा काठ टिपतो. त्यात ३ मीटरची मगर म्हणजे फोटोचा जेमतेम पंधरावा भाग! म्हणूनच पाय पुढे सरकतात, आणि धोका तिथेच आहे.

मग काय करायचं?

- ३ पट टेलिफोटो लेन्स वापरा. तीच मगर फोटोच्या पाचव्या भागाएवढी होते, तुम्ही जागचे न हलता.
- टेलिफोटो नसेल तर पूर्ण रिझोल्यूशनमध्ये फोटो काढा आणि नंतर क्रॉप करा. डिजिटल झूमही शेवटी क्रॉपच करतो.
- फ्लॅश बंद ठेवा. एवढ्या लांब त्याचा उजेड पोचतच नाही.
- हिवाळ्यात सकाळी जा. मगरी ऊन खायला काठावर येतात.
- पुलावरून किंवा बोटीतून फोटो काढा. हात बोटीबाहेर नको.
- पाण्याकडे पाठ करून सेल्फी नको. गढूळ पाण्यात टपलेली मगर दिसत नाही.

मगरीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. फोटोसाठी तिला दगड मारणं किंवा डिवचणं हा गुन्हा आहे. वस्तीत मगर दिसली तर आधी वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. फोटो नंतर.