साताऱ्याच्या पेठा आणि सांगलीची पेवे

साताऱ्याच्या जुन्या भागातून हिंडताना पेठांची नावे लक्षपूर्वक वाचावीत. सोमवार, मंगळवार, शनिवार ही वारांची नावे. यादोगोपाळ हे माणसाचे. आणि मध्येच ‘पंताचा गोट’. गोट म्हणजे लष्करी छावणी. बाजार, दरबार आणि फौज या तिघांनी मिळून हे गाव वसवले, आणि तिघेही आजतागायत टपालाच्या पत्त्यांत टिकून आहेत.

गाव नेमके कशामुळे शहर होते, हा प्रश्न इतिहासकारांना दीर्घकाळ छळत आला आहे. गॉर्डन चाइल्ड या पुरातत्त्वज्ञाने १९५० साली ‘नागरी क्रांती’ची जी मांडणी केली, तिच्या मुळाशी शिलकीचे धान्य होते. शेतकऱ्याच्या पोटापलीकडे काही उरले, तरच कुंभार, लोहार, कारकून आणि शिपाई यांना शेत न कसता जगता येते. परंतु शिल्लक शेतात पडून राहिली तर शहर होत नाही. ती कोणीतरी एका जागी ओढून आणावी लागते. सत्ता ती कराने आणते, व्यापारी ती सौद्याने आणतो. कृष्णाकाठी या दोन्ही वाटा शेजारी शेजारी पाहायला मिळतात.

यांपैकी व्यापाराची वाट फार जुनी. मध्य प्रदेशातील भारहुतच्या स्तूपावर, इसवी सनापूर्वीच्या एका लेखात, करहकट येथील निगमाच्या दानाचा उल्लेख येतो. निगम म्हणजे व्यापारी वस्ती. हे करहकट म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे कऱ्हाड, असे सामान्यतः मानले जाते. शेकडो कोस दूरच्या स्तूपाला दान पाठवण्याइतकी शिल्लक या संगमावर तेव्हाच जमत होती.

सातारा शहर मात्र राजाज्ञेने जन्मले. मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहू छत्रपतींचा राज्याभिषेक जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास झाला. किल्ल्यावर राजधानी सुरक्षित असते, पण बाजार गड चढत नाही. म्हणून अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शाहूनगर वसले. त्या काळी पेठ वसवण्याची रीत ठरलेली होती. व्यापाऱ्यांना अभयाचा कौल द्यायचा, काही वर्षे करांत सूट द्यायची, आणि शेटे-महाजन नेमून बाजाराची व्यवस्था लावायची. सवलतींचे आमिष दाखवून उद्योग आणण्याची कल्पना आजच्या औद्योगिक वसाहतींची मुळीच नव्हे.

१७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज निवर्तले आणि कारभाराचे केंद्र पुण्यास सरकले. छत्रपती साताऱ्यातच राहिले, पण सावकार, वकील आणि सरदारांचे वाडे सत्तेच्या मागे जातात. त्या अर्धशतकात वाढल्या त्या पुण्याच्या पेठा. पुढे प्रतापसिंह महाराजांच्या काळात साताऱ्यास पुन्हा थोडी उभारी आली. १८४८ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केले आणि राजधानीचे जिल्ह्याचे ठाणे झाले.

आता सांगली. तिचाही आरंभ सत्तेनेच झाला, हे विसरता कामा नये. मिरजेच्या पटवर्धनांच्या घरात वाटणी होऊन १८०१ मध्ये चिंतामणराव अप्पासाहेब वेगळे निघाले. कृष्णाकाठच्या एका लहान गावी त्यांनी गणेशदुर्ग बांधला, गणपतीचे मंदिर उभारले. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवले ते याच दरबाराच्या आश्रयाने. पण सांगली केवळ दरबारावर जगली नाही. हळद आणि गूळ यांची ती पेठ झाली.

या पेठेचे गुपित शेजारच्या हरिपूरच्या मातीत होते. तेथील जमिनीत खोल पेवे खणत. तोंड अरुंद, पोट विस्तीर्ण. त्यात हळद भरून तोंड बंद केले की ती वर्षानुवर्षे किडीविना टिकत असे. उघडल्यावर आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत कोणी उतरायचे नाही, हा दंडक. ज्याचा माल टिकतो त्याला भावाची वाट पाहता येते. साताऱ्याजवळ राजा होता. सांगलीजवळ थांबण्याची ताकद होती.

मग रेल्वे आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पुणे-मिरज मार्ग झाला, तेव्हा साताऱ्याच्या वाट्याला गावापासून बरेच दूरचे ‘सातारा रोड’ स्थानक आले. मुख्य मार्ग सांगलीलाही टाळूनच गेला होता, पण संस्थानने १९०७ मध्ये मिरजेपर्यंत स्वतःचा फाटा आणला. रेल्वेचा महिमा पाहायचा तर किर्लोस्करवाडी पाहावी. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर कारखाना काढला. तेथे ना राजा राहत होता, ना संगम होता.

२०११ च्या जनगणनेत सातारा शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख २० हजार; सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची ५ लाखांहून अधिक. तुलना पूर्ण न्याय्य नाही, कारण दुसऱ्या आकड्यात मिरजेसारखे जुने शहर सामावले आहे. तरीही मराठी राज्याची राजधानी एका जहागिरीच्या गावामागे पडली, हे नाकारता येत नाही.

सांगलीनेही किंमत मोजली. नदीने मोठे केलेले शहर नदीच्याच पात्रात उतरत गेले. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरून हळद नासली, आणि पेवांची जागा गोदामे व शीतगृहे घेऊ लागली. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी पुन्हा वस्तीत आले.

आणि सातारा जिल्ह्याची शिल्लक? ती माणसांची होती. पाटण-जावळीच्या डोंगराळ भागात पोट भरेना, म्हणून घरटी एकदोन माणसे मुंबईस जात. काही गिरणीत लागली, काही मशीद बंदरच्या घाऊक बाजारात माथाडी झाली. सांगलीकडची हळद पोत्यांतून त्या बाजारात उतरे, तेव्हा ती वाहून नेणारी पाठ बहुधा साताऱ्याकडची असे.