क्रॉसबोचा ताण उतरवणे

क्रॉसबोचा ताण उतरवणे म्हणजे मागे ओढून अडकवून ठेवलेली क्रॉसबोची दोरी बाण न सोडता सावकाश तिच्या मूळ जागी आणणे होय. क्रॉसबो म्हणजे दस्त्यावर आडवे बसवलेले धनुष्य. त्याची दोरी मागे ओढली की एका अडकणीत पकडली जाते आणि चाप ओढताच सुटते. उत्तर अमेरिकेत हरिणवर्गीय प्राण्यांच्या शिकारीसाठी क्रॉसबोचा मोठ्या प्रमाणावर वापर होतो. दिवसभर सावज न मिळाल्यास संध्याकाळी परतण्यापूर्वी ताणलेले शस्त्र निर्धोक करावे लागते. ही क्रिया वरवर किरकोळ वाटत असली, तरी दोरी ताणण्यापेक्षा ती अधिक जोखमीची आहे. ती कोणत्या साधनाने करता येईल हे प्रत्येक क्रॉसबोच्या घडणीवर अवलंबून असते.

संज्ञा

मराठीत ‘प्रत्यंचा चढवणे’ म्हणजे धनुष्याच्या दोन्ही टोकांना दोरी लावून ते सज्ज करणे, आणि ‘प्रत्यंचा उतरवणे’ म्हणजे ती दोरी काढून ठेवणे. क्रॉसबोच्या संदर्भात हा अर्थ अभिप्रेत नाही. येथे दोरी धनुष्याच्या टोकांनाच जोडलेली राहते, केवळ तिच्यावरील ताण नाहीसा केला जातो. म्हणून या लेखात ‘दोरी ताणणे’ आणि ‘ताण उतरवणे’ असे शब्दप्रयोग केले आहेत.

साध्या धनुष्याशी तुलना

साध्या धनुष्यात दोरी ओढल्यापासून बाण सुटेपर्यंत धनुर्धराची बोटे दोरीवरच असतात. बाण सोडावयाचा नसेल, तर तो हात हळूहळू पुढे नेतो आणि दोरी पूर्ववत होते. कप्प्यांच्या आधुनिक धनुष्यात पूर्ण ओढीच्या वेळी हातावरचा भार बराच कमी होतो, त्यामुळे तेथेही हे शक्य असते.

क्रॉसबोमध्ये दोरी हाताऐवजी अडकण धरून ठेवते. कितीही वेळ नेम धरून थांबता येणे हा या शस्त्राचा मुख्य गुण त्यातूनच येतो. त्याची दुसरी बाजू अशी, की दोरीला दोनच अवस्था उरतात : पकडलेली किंवा सुटलेली. मधली, सावकाश परतण्याची अवस्था यंत्रात आपोआप नसते, ती बाहेरून एखाद्या साधनाने निर्माण करावी लागते. ताण उतरवण्याच्या सर्व पद्धती या एकाच अडचणीवरचे उपाय आहेत.

रचना

ताण उतरवण्याच्या दृष्टीने क्रॉसबोचे पुढील भाग महत्त्वाचे आहेत.

भुजा : धनुष्याच्या वाकणाऱ्या दोन बाजू. दोरी ताणली असता ऊर्जा यांत साठते. पुष्कळ आधुनिक क्रॉसबोंत भुजांच्या टोकांना कप्प्या असतात.

खोबण : दस्त्यावरील लांबट पन्हळ. तिच्यात बाण ठेवला जातो आणि तिच्यावरून दोरी सरकते.

अडकण : ताणलेली दोरी धरून ठेवणारा भाग. चाप ओढल्यावर तो दोरीला सोडून देतो.

सुरक्षा खटका : चाप ओढला जाऊ नये म्हणून असलेला अडसर. अनेक क्रॉसबोंत दोरी ताणताच तो आपोआप लागतो.

रिकाम्या सोडीचा अटकाव : खोबणीत बाण नसेल तर सुटलेल्या दोरीला लगेच अडवणारा दुसरा खटका.

रिकीब : पुढच्या टोकाची लोखंडी कडी. दोरी ताणताना किंवा उतरवताना तिच्यात पाऊल घालून क्रॉसबो जमिनीवर दाबून धरतात.

साठलेली ऊर्जा आणि रिकामी सोड

क्रॉसबोची ओढ सामान्यतः पौंडांत सांगतात. ओढ १७५ पौंड आणि दोरीचा प्रवास १२ इंच आहे असे मानू. ओढ शून्यापासून समप्रमाणात वाढत जाते असे धरल्यास भुजांत सुमारे ११९ जूल ऊर्जा साठते. १२ किलोग्रॅमचे वजन १ मीटर उंचीवरून पडले असता जमिनीवर जेवढी ऊर्जा आदळते, तेवढीच ही ऊर्जा आहे. कप्प्यांच्या क्रॉसबोमध्ये ओढ लवकर वाढून टिकून राहते, त्यामुळे तेवढ्याच ओढीत अधिक ऊर्जा साठते.

ही ऊर्जा नाहीशी होत नाही. तिला बाहेर पडण्याचे दोनच निर्धोक मार्ग आहेत : बाणाच्या गतीत रूपांतर होणे, किंवा एखाद्या साधनावर भार टाकत सावकाश परतणे. बाण नसताना दोरी एकदम सुटली, तर तिला रिकामी सोड म्हणता येईल. अशा वेळी बाणाने न्यावयाची ऊर्जा भुजा, दोरी आणि कप्प्या यांवरच उलटते. भुजांना तडे जाणे, दोरी तुटणे, कप्प्या वाकणे आणि त्यांचे तुकडे उडून इजा होणे हे तिचे संभाव्य परिणाम होत. एखादे वेळी बाहेरून काहीच दिसत नाही, पण भुजेत बारीक चीर पडलेली असते आणि पुढच्या वेळी दोरी ताणताना ती भुजा तुटते. म्हणूनच रिकाम्या सोडीनंतर क्रॉसबो जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय वापरू नये, असा दंडक आहे.

इतिहास

क्रॉसबो प्राचीन चीनमध्ये युद्धशस्त्र म्हणून प्रचलित होता. शीआनजवळ सम्राट छिन श-ह्वांग याच्या समाधीपरिसरात मातीच्या सैनिकांबरोबर क्रॉसबोंच्या कांस्य चाप-यंत्रणा सापडल्या आहेत. मध्ययुगीन युरोपात हे शस्त्र इतके प्रभावी ठरले, की ११३९ मध्ये दुसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांविरुद्ध त्याचा वापर निषिद्ध ठरवला. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९९ मध्ये क्रॉसबोच्या बाणाने झालेल्या जखमेमुळे मरण पावला.

पुढे पोलादी धनुष्ये आली आणि ओढ माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेर गेली. राल्फ पेन-गॉलवे यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्रॉसबोविषयीच्या ग्रंथात १२०० पौंड ओढीच्या पोलादी क्रॉसबोचे वर्णन आहे. अशी दोरी ताणण्यासाठी कमरपट्ट्याचा आकडा, तरफ, दातेरी चक्राचे यंत्र आणि दोर गुंडाळणारा रहाट अशी साधने वापरात आली. यांपैकी दातेरी चक्राचे यंत्र दोरीला पुन्हा अडकवून उलट फिरवल्यास ताण सावकाश उतरवणे तत्त्वतः शक्य होते. आजच्या हातक्रँकचे तत्त्व तेच आहे.

पद्धती

खालील वर्णन तत्त्व समजण्यापुरते आहे. प्रत्यक्ष कृतीसाठी त्या विशिष्ट क्रॉसबोची माहितीपुस्तिका हाच आधार मानावा. पुस्तिकेत ताण उतरवण्याची परवानगी नसेल, तर पहिल्या दोन पद्धती वापरू नयेत.

उलट फिरणाऱ्या क्रँकने

ही सर्वांत सुरक्षित पद्धत होय. मात्र क्रँक केवळ दोरी ताणण्यासाठी आहे, की ताण उतरवण्यासाठीही आहे, याची आधी खात्री करावी लागते. क्रियेचा साधारण क्रम असा असतो :

१. सुरक्षा खटका लावलेला असल्याचे पाहून खोबणीतील बाण काढून घ्यावा आणि भात्यात ठेवावा.

२. क्रॉसबोचे तोंड निर्धोक दिशेला ठेवून तो पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पक्का धरावा. भुजांच्या फिरण्याच्या कक्षेत स्वतःचा हात वा दुसरी व्यक्ती नसावी.

३. क्रँकचे आकडे अडकणीच्या दोन्ही बाजूंना दोरीवर नीट बसवावेत. एकच आकडा लागला असेल, तर दोरी तिरकी सुटते.

४. क्रँक फिरवून सैलपणा पूर्ण काढावा, म्हणजे दोरीचा भार क्रँकवर येतो. ही पायरी निर्णायक आहे. आकडे आणि दोरी यांत अंतर राहिल्यास चाप ओढताच दोरी तेवढ्या अंतरात झेपावते आणि सगळा भार झटक्याने आकड्यांवर येतो.

५. मूठ घट्ट धरून, रिकाम्या सोडीचा अटकाव पुस्तिकेत दिलेल्या रीतीने बाजूला करून, सुरक्षा खटका काढावा आणि चाप ओढावा. आता दोरी अडकणीतून सुटून पूर्णपणे क्रँकच्या भारावर असते.

६. मूठ उलट दिशेने सावकाश फिरवत दोरी मूळ जागी आणावी. दोरी सैल होईपर्यंत मूठ सोडू नये.

काही जुन्या क्रँकमध्ये दातेरी चक्राचा अडसर काढल्यावर मूठ मोकळी होते. अशी मूठ हातातून निसटल्यास ती भुजांच्या सर्व शक्तीने गरगर फिरते आणि बोटे वा मनगट मोडू शकते. नव्या काही क्रँकमध्ये आतच गतिरोध असतो, त्यामुळे मूठ सोडली तरी ती आहे तेथेच थांबते. क्रॉसबो निवडताना हा फरक पाहण्याजोगा आहे.

दोरखंडाने

दोन आकडे आणि दोन मुठी असलेला दोरखंड हे दोरी ताणण्याचे सर्वाधिक प्रचलित साधन आहे. त्याचे आकडे चल कप्पीप्रमाणे काम करतात, त्यामुळे १७५ पौंडांची ओढ हातांना सुमारे ८८ पौंड, म्हणजे ४० किलोग्रॅम, एवढीच जाणवते.

ताण उतरवताना मात्र हे साधन अपुरे पडते. दोरखंडाचा भार पेलण्यास दोन्ही हात लागतात आणि चाप ओढण्यासही एक हात हवा असतो. चाप ओढण्यासाठी दोन्ही मुठी एका हातात घेतल्यास सगळा भार त्या एका हातावर येतो, तोही पाठ वाकलेली असताना. दुसऱ्या व्यक्तीने चाप ओढावयाचा म्हटले, तर तिचा हात नेमका दोरीच्या मार्गाजवळ येतो. शिवाय अडकण उघडण्याच्या क्षणी भार अचानक हातांवर येतो, आणि दिवसभराच्या थंडीने व थकव्याने बोटे तेव्हा बधिर झालेली असतात. या कारणांमुळे अनेक निर्माते दोरखंडाने ताण उतरवण्यास स्पष्ट मनाई करतात. कमी ओढीच्या मोजक्या प्रतिमानांतच त्यास परवानगी आढळते.

बाण सोडून

ताण उतरवण्याची सोय नसलेल्या क्रॉसबोसाठी बाण सोडणे हाच योग्य मार्ग उरतो. काटेकोर अर्थाने हे ताण उतरवणे नव्हे, कारण येथे क्रॉसबो प्रत्यक्ष चालवला जातो. परंतु ऊर्जा बाणाबरोबर बाहेर पडत असल्याने शस्त्राला अपाय होत नाही. त्यासाठी शिकारी पात्याऐवजी साधे किंवा बोथट टोक असलेला वेगळा बाण जवळ ठेवतात. त्याचे वजन निर्मात्याने ठरवलेल्या किमान वजनापेक्षा कमी नसावे. फार हलका बाण रिकाम्या सोडीसारखाच घातक ठरतो. बाण सरावाच्या लक्ष्यात किंवा दगडगोटे नसलेल्या मऊ जमिनीत खालच्या दिशेने सोडतात. खडकावर किंवा गोठलेल्या जमिनीवर तो उसळून कोठेही जाऊ शकतो. दोरी सुटताना अंगठा व बोटे खोबणीच्या खाली असणे आवश्यक आहे.

घातक समजुती

रिकाम्या सोडीचा अटकाव असल्याने बाण नसताना चाप ओढला तरी चालतो, असे काहींना वाटते. हा अटकाव चुकून घडलेल्या प्रसंगासाठी आहे. त्याने अडवलेल्या दोरीवर पूर्ण ताण कायम असतो, आणि ती पुन्हा मागे ओढून अडकणीत घेण्याचे काम तेवढेच बाकी राहते.

अटकावाला फसवण्यासाठी खोबणीत खरा बाण ठेवून ताण उतरवणे ही दुसरी घातक रीत आहे. साधन निसटले, तर तो बाण सुटतो.

दोरी चाकूने कापणे हा सर्वांत वाईट उपाय होय. कापलेल्या दोरीची टोके चाबकासारखी फटकारतात आणि भुजा कोणत्याही रोधाविना उसळतात.

क्रॉसबो रात्रभर ताणलेला ठेवणेही अयोग्य आहे. दीर्घ ताणाने दोरी व भुजा यांवर परिणाम होतो, आणि घरातील दुसऱ्या कोणाचा हात चापाला लागण्याचा धोका राहतो. ताण किती वेळ ठेवता येईल याची मर्यादा निर्माते पुस्तिकेत देतात.

नंतरची तपासणी

ताण उतरल्यावर दोरी दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर आहे, कप्प्यांच्या खाचांत नीट बसली आहे आणि तिचे धागे तुटलेले नाहीत, हे पाहतात. भुजांवर चिरा नाहीत याची खात्री करतात. आकडे काढून घेतले आहेत की नाहीत हेही तपासावे लागते, कारण दोरीवर राहिलेला आकडा पुढच्या वेळी अपघातास कारण होतो.

कायदेविषयक स्थिती

अमेरिकेतील अनेक राज्यांच्या नियमांनुसार ताणलेला क्रॉसबो वाहनातून नेता येत नाही. काही ठिकाणी बाण नसला तरी केवळ दोरी ताणलेली असणे हेच शस्त्र भरलेले असण्यासारखे मानले जाते. त्यामुळे तेथे शिकाऱ्याला गाडीत बसण्यापूर्वी ताण उतरवणे भाग असते. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्याने क्रॉसबोने वन्य प्राणी मारण्यास बंदी आहे, तर १९८७ च्या क्रॉसबो कायद्याने त्याच्या खरेदीवर वयाची अट घातली आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राण्यांची शिकार प्रतिबंधित आहे. येथील वाचकांच्या दृष्टीने हा विषय मुख्यत्वे यंत्रशास्त्र आणि शस्त्रास्त्रांचा इतिहास यांच्या अभ्यासाचा ठरतो.

हे सुद्धा पहा

धनुर्विद्या
प्रत्यंचा
कप्पी
तरफ
स्थितिज ऊर्जा