जुन्नर-आंबेगाव परिसरातील आहारपद्धती

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील परंपरागत अन्नव्यवहार व त्याचे स्थित्यंतर. सह्याद्रीलगतच्या पश्चिम भागात पाऊस विपुल. तेथील महादेव कोळी व ठाकर यांचा आहार भात, नाचणी, वरई आणि रानभाज्या यांवर आधारलेला होता. पूर्वेकडे राजुरी, बेल्हे या कमी पावसाच्या पट्ट्यात बाजरीची भाकरी हेच मुख्य अन्न. तिच्या जोडीस मटकीचे कालवण, हुलग्याचे माडगे, पिठले किंवा नुसता ठेचा असे. गहू पुरणपोळीपुरता व भात सणासुदीपुरता.

पाहुणचाराचा पदार्थ मासवडी. नावात मासा असला, तरी ती शाकाहारी आहे. शिजविलेले बेसन ओल्या फडक्यावर थापून त्यावर तीळ, सुके खोबरे व लसूण यांचे सारण पसरतात आणि फडक्यानेच गुंडाळी करून वड्या कापतात. तिखट रस्सा व भाकरी यांशिवाय ती वाढीत नाहीत.

बाजरीचे पीठ त्यातील स्निग्धांशामुळे थोड्याच दिवसांत कडू होते. म्हणून स्त्रिया ते पहाटे जात्यावर ताजे दळीत. पिठाच्या गिरणीने हे कष्ट वाचविले; मात्र आठवड्याचे दळण एकदम आणण्याच्या सोयीशी बाजरीपेक्षा गहू अधिक जुळला. बाजरी मागे पडण्याचे कारण केवळ प्रतिष्ठेच्या कल्पनांत शोधणे अपुरे ठरते.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील खेड्यांना परदेशी तांबडी ज्वारी (मिलो) व दुष्काळी कामांवरील सुकडी यांची ओळख झाली. पुढील दशकांत कुकडी प्रकल्पातील येडगाव, वडज, माणिकडोह, डिंभे इ. धरणांमुळे ऊस, कांदा, टोमॅटो ही नगदी पिके वाढली. हुलगा-मटकी मागे पडली आणि घरचे धान्य बाजारातून येऊ लागले. आंबेगाव तालुक्यात घोड नदीवरील डिंभे जलाशयाखाली मात्र आदिवासींची भातखाचरे गेली. बागायतीच्या सुबत्तेची ही झळ पश्चिम खोऱ्यांना बसली. आहारातील बदलांच्या वर्णनांत तिचा उल्लेख क्वचितच येतो.

भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी व मिश्र भाजी करण्याची प्रथा टिकून आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. मासवडी आता पुणे-नाशिक मार्गावरील खाणावळींतही मिळते.