ज्ञानगंगेचे अरण्य एकाकी कसे झाले?

१/ डिसेंबर २०१९ च्या प्रारंभी एक तरुण वाघ बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन पोहोचला. जूनमध्ये त्याने यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर सोडले होते. गळ्यातील रेडिओ कॉलरमुळे त्याची वाट नोंदली गेली. महाराष्ट्र आणि तेलंगणातील शेते, रस्ते, नाले ओलांडत त्याने केलेली भ्रमंती ३,००० किलोमीटरांहून अधिक भरली.

२/ ज्ञानगंगेत त्याला नीलगाय, रानडुक्कर, पाणी आणि आडोसा मिळाला. जोडीदारीण मात्र मिळाली नाही. जंगल हिरवे आहे, बिबटे आणि अस्वले आहेत, तरीही वाघाला तेथे वंश वाढवता येत नाही. असे का व्हावे? उत्तरासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते.

३/ आधी भूगोल. उत्तरेस सातपुडा, तेथील अंबाबरवा अभयारण्य मेळघाटच्या वनांशी सलग आहे. दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगा. ज्ञानगंगा त्यांच्या उतारावर वसलेले. या दोहोंमध्ये पूर्णा नदीचे खोरे. जुन्या वऱ्हाडात या खोऱ्याला पायनघाट म्हणत आणि दक्षिणेच्या उंच भागाला बालाघाट.

४/ ‘इंग्रज आले आणि जंगल संपले’ हे सोपे उत्तर येथे अपुरे पडते. पायनघाटाच्या काळ्या जमिनीत इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून शेती होत होती. परंतु शेतांच्या अधूनमधून पडीक जमिनी, गवताचे रमणे आणि बाभळीची बने होती. वन्य प्राण्याला दोन डोंगरांमधील प्रवासात एवढा आडोसाही पुरतो.

५/ १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव करीत नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा निघाला. खामगाव ही कापसाची नामांकित बाजारपेठ होती. मधल्या पडिकावर नांगर चालू लागला.

६/ पुढे १८८६ चा वऱ्हाड वन कायदा आला. सरकारी वनांचे तीन वर्ग झाले: लाकूड व सरपणासाठी एक, चाऱ्यासाठी दुसरा, चराईसाठी तिसरा. लाकडाची राखीव वने मुख्यतः डोंगरांत उरली, कारण तेथे कापूस पिकत नव्हता. कायद्याने डोंगरातील झाड राखले. मात्र वन आणि शेत यांच्यामध्ये एक ठळक रेषाही ओढली.

७/ त्या रेषेच्या आत जंगल टिकले आणि बाहेर पायनघाट पिकांनी, गावांनी, लोहमार्गाने आणि नंतर महामार्गाने भरत गेला. अंबाबरवाला मेळघाटचा आधार राहिला. ज्ञानगंगेची उत्तरेकडील वाट मात्र निरुंद होत गेली.

८/ १९९७ मध्ये ज्ञानगंगा अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर. एका बाजूस बुलढाणा, दुसऱ्या बाजूस खामगाव. दोन्ही शहरे वाढली आणि त्यांना जोडणारा रस्ता याच वनातून जातो. सरपण, चराई, वणवे आणि वाहने यांचा भार जुन्या एकाकीपणावर चढला.

९/ २०२० मध्ये येथे वाघीण आणून सोडावी काय, याची चर्चा झाली. अडचण वाघिणीपुरती नव्हती. बछडे मोठे झाल्यावर ते जातील कोठे? चहूकडे शेते आणि वस्ती. पुरेसे मोठे आणि जोडलेले वन नसेल, तर आणलेली वाघीण संघर्षच वाढवील.

१०/ शेवटी तो वाघच निघून गेला. २०२१ मध्ये तो पश्चिमेस, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या बाजूच्या गौताळा अभयारण्यात आढळला. म्हणजे अजिंठ्याच्या रांगांवरील वाट तुटक असली तरी अजून चालण्याजोगी आहे. आज तिचे रक्षण करणे, ती गमावून पुन्हा जोडण्यापेक्षा सोपे आहे.

११/ वनाच्या आरोग्याचा इतिहास केवळ झाडांच्या मोजणीत सापडत नाही. आपल्या गावाचा जुना महसुली नकाशा मिळाला, तर त्यात रमणा, बाभूळबन, गायरान ही नावे शोधा आणि आज त्या जागी काय उभे आहे ते पाहा. प्राण्यांच्या कोणत्या वाटा केव्हा बुजल्या, याचा माग तेथूनच लागू शकेल.