वाचकांचे अभिमत आणि प्रणयकादंबरीतील रक्तपिशाच

कादंबरीच्या समीक्षेचा इतिहास बहुधा छापील अभिप्रायांवरून लिहिला जातो. मराठीतही काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांच्या १८७२ सालच्या ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंधा’पासून अद्भुतरम्य कथांची चर्चा होत आली, परंतु त्या कथा रात्री जागून वाचणाऱ्यांचे म्हणणे तीत क्वचितच ऐकू येते. प्रणयकादंबरीच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. या वाङ्मयाचे वाचक, त्यांतही स्त्रिया, आपली मते पत्रांतून, ग्रंथालयाच्या दाराशी वा दुकानाच्या गल्ल्यावर एकमेकींना सांगत आल्या आहेत, आणि अशी मते सहसा टिकत नाहीत. इंग्लंड-अमेरिकेत ती जेथे टिकली आहेत, तेथे ती निव्वळ आवडीनिवडीची बडबड नसल्याचे दिसून येते. रक्त शोषणारे पिशाच प्रियकर कसे झाले, हे तर ती बाजूला ठेवल्यास उलगडतच नाही.

या व्यवहाराचे एक जुने व ठळक उदाहरण सॅम्युअल रिचर्डसनच्या ‘क्लॅरिसा’चे आहे. १७४७-४८ मध्ये ही कादंबरी खंडशः निघत असता नायिकेचा शेवट दुःखद होणार अशी वार्ता पसरली. तेव्हा लेडी ब्रॅडशे या वाचिकेने ‘बेलफोर’ या टोपणनावाने ग्रंथकारास पत्र लिहून क्लॅरिसाचे प्राण वाचवावेत अशी विनवणी केली. तिच्यावर बलात्कार करणाऱ्या लव्हलेसला सुधारावे आणि दोघांचे लग्न लावून द्यावे, असे तिचे मागणे होते. रिचर्डसन बधला नाही. मात्र दोघांचा पत्रव्यवहार पुढे बराच काळ चालला. वाचिकेची ही मागणी भाबडी म्हणून सोडून देणे सोपे आहे. दुष्टाला प्रेमाने माणसात आणता येते काय, हा तीमागील प्रश्न मात्र पुढील दोन शतके प्रणयकादंबरीने सोडला नाही.

इंग्रजी साहित्यात रक्तपिशाच आले ते प्रियकर म्हणून नव्हे. १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या जॉन पॉलिडोरीच्या कथेतील लॉर्ड रुथवेन हा रुबाबदार उमराव आहे. पण ज्या तरुणीशी तो विवाह करतो, तिचाच तो घास घेतो. १८९७ मधील ब्रॅम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ही शिकारीच. (रिचर्ड बर्टनने १८७० साली वेताळपंचविशीच्या कथा इंग्रजीत सांगताना वेताळाला ‘व्हॅम्पायर’ म्हटले, त्यामुळे काही घोटाळा झाला आहे. वेताळाचे सामर्थ्य प्रश्न विचारण्यात आहे, रक्त पिण्यात नव्हे.)

या शिकाऱ्याचे रूप पालटण्यात पत्रे लिहिणाऱ्या प्रेक्षकांचा वाटा मोठा होता. अमेरिकेत १९६६ मध्ये ‘डार्क शॅडोज’ ही दैनंदिन दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. तिला प्रेक्षक कमी पडू लागले, म्हणून १९६७ मध्ये बार्नबस कॉलिन्स हे रक्तपिशाच तीत आणले गेले. हे पात्र काही आठवड्यांपुरतेच योजिले होते. पण जोनाथन फ्रिड या नटाकडे, विशेषतः स्त्रियांकडून, पत्रांचा असा ओघ सुरू झाला की निर्मात्यांनी बेत बदलला. आरंभी हा बार्नबस एका तरुणीला कोंडून ठेवून तिला आपल्या मृत प्रेयसीचे रूप देऊ पाहतो. पुढे कथानक १७९५ सालात नेऊन असे दाखविण्यात आले की, झिडकारलेल्या एका चेटकिणीच्या शापाने तो पिशाच झाला. म्हणजे त्याच्या क्रौर्याला कारण मिळाले. रिचर्डसनने लव्हलेसला जी सवलत नाकारली, ती बार्नबसला मिळाली.

वाचिका अशी सवलत कोणत्या अटींवर देतात, याचा सविस्तर पुरावा जेनिस रॅडवे यांच्या १९८४ च्या ‘रीडिंग द रोमान्स’ या ग्रंथात आहे. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका गावाला त्यांनी ‘स्मिथटन’ हे कल्पित नाव दिले. तेथील पुस्तकाच्या दुकानात काम करणारी एक स्त्री, जिला ग्रंथात डॉरोथी म्हटले आहे, नवीन प्रणयकादंबऱ्या वाचून, त्यांची प्रतवारी लावून, आपले मत एका वार्तापत्रातून गिऱ्हाइकांना कळवीत असे. ४२ वाचिकांनी रॅडवे यांची प्रश्नावली भरून दिली. त्यांपैकी बहुतेकींची एकमेकींशी ओळख नव्हती. त्यांना जोडणारा दुवा ही दुकानातली बाई. प्रकाशकांची कितीतरी एकसारखी पुस्तके येत असता फसवणूक टाळावयाची, हा या देवघेवीचा पहिला उपयोग होता.

सुखान्त ही त्यांची पहिली अट. कित्येकजणी शेवटचे पान पाहिल्यावाचून पुस्तक विकत घेत नसत. प्रेम हळूहळू फुलावे, नायिका बुद्धिमान व स्वाभिमानी असावी. बलात्कार, शोकान्त, शय्यासोबतीचा स्वैराचार नको, असे त्यांचे म्हणणे. आणि तरीही कॅथलीन वुडिविसची १९७२ मधील ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ ही कादंबरी त्यांच्या लाडक्या पुस्तकांत होती. तिच्या आरंभीच नायक नायिकेवर बळजबरी करतो. या विसंगतीचे उत्तर वाचिकांपाशी होते: ते कृत्य गैरसमजातून घडले, आणि पुढील सारी कथा त्याचे परिमार्जन आहे. रॅडवे यांच्या मते अशा वाचनाने स्त्रिया घरातील उपेक्षेची भरपाई करून घेतात आणि मूळ परिस्थिती मात्र तशीच राहते. या मतात तथ्य आहे. पण त्यात वाचिकांच्या चिकित्सेला पुरता न्याय मिळत नाही. कोणत्या पुस्तकातील कारण पटण्याजोगे आणि कोणत्यातील नुसती सबब, हे त्या पुस्तकागणिक ठरवीत होत्या. हे समीक्षकाचेच काम होय.

रक्तपिशाचाची प्रणयकथा या कसोटीची सर्वांत कठीण परीक्षा ठरते, कारण येथे हिंसा हा नायकाचा आहारच असतो. ॲन राइस यांच्या १९७६ मधील कादंबरीने पिशाचाला स्वतःची कहाणी स्वतः सांगू दिली आणि त्याला पश्चात्ताप दिला. पण सुखान्त दिला नाही. तो १९९० नंतर प्रणयकादंबरीच्या लेखिकांनी दिला. २००५ मध्ये निघालेल्या स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’चा नायक एडवर्ड माणसाचे रक्त वर्ज्य मानतो, २००८ च्या अखेरच्या भागात विवाह होतो आणि नायिका स्वतःच पिशाचयोनीत जाते. वाचकांत एडवर्ड व त्याचा प्रतिस्पर्धी जेकब यांचे तट पडले. परंतु या तटांहून महत्त्वाचा वाद वेगळा होता. एडवर्ड रात्री नायिकेच्या खोलीत तिच्या नकळत शिरतो आणि तिला झोपलेली पाहत राहतो. काही वाचिकांना ही निष्ठेची खूण वाटली. इतरांनी तिला पाळत म्हटले आणि सख्ख्या मुलीच्या बाबतीत असे घडले तर चालेल काय, असा प्रश्न विचारला. समर्थन करणाऱ्यांनी उत्तर दिले, ते स्मिथटनच्या वाचिकांनी वुडिविसच्या नायकासाठी दिलेल्या उत्तराहून फारसे निराळे नव्हते. बदलले होते ते आक्षेप घेणाऱ्यांचे संख्याबळ आणि त्यांचा स्वर.