नागमोडी रेघ

व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे, ही महाभारताच्या जन्माची कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत मात्र ही कथा मूळ संहितेत नाही, परिशिष्टात आहे. अनेक महत्त्वाच्या पोथ्यांत ती आढळली नाही, म्हणून संपादकांनी ती बाजूला काढली. पण टाकून दिली नाही. वाचकाने हवे तर पान उलटून ती पाहावी आणि आपले मत बनवावे.

छापखाना येण्यापूर्वी ग्रंथ हाताने नकलून घ्यावे लागत. नकलताना कुणाची ओळ सुटे, कुणी समासातली टीप मजकुरात घेई, तर कुणी आपल्या प्रांतात आवडणारी कथा भर म्हणून घाली. शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्यांतून महाभारत पसरले आणि पसरता पसरता वाढले. या पसाऱ्यातून उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जितके मागे जाता येईल तितके जायचे, हे काम संस्थेने हाती घेतले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा त्याला उदार आश्रय मिळाला. 1 एप्रिल 1919 रोजी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्ते कामाला आरंभ झाला.

1925 मध्ये डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणित आणि बर्लिनला संस्कृत विद्या शिकलेला हा माणूस. त्यांच्या देखरेखीखाली चौकटी आखलेल्या कागदांवर श्लोकातले एकेक अक्षर एकेका घरात मांडले जाई आणि प्रत्येक पोथीतला फरक त्या त्या घराखाली नोंदवला जाई. पुण्याबाहेर शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही ही ताडणी चाले. सुखठणकर 1943 मध्ये गेले. पुढे श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी धुरा वाहिली. 1259 पोथ्या तपासून अठराही पर्वे 1966 मध्ये पूर्ण झाली. सत्तेचाळीस वर्षे लागली.

या आवृत्तीतली एक खूण मला फार मोलाची वाटते. ज्या शब्दाविषयी संपादकाला पुरती खात्री नसे, त्याखाली तो नागमोडी रेघ छापी. तळाशी इतर पोथ्यांतले पाठ असत. एवढ्या अधिकाराच्या विद्वानांनी पानोपानी सांगून ठेवले, की येथे आमचा निर्णय पक्का नाही.

1990 च्या दशकात जपानमधील क्योटोचे प्राध्यापक मुनेओ तोकुनागा यांनी ही संहिता संगणकावर आणली आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती सुधारली. आज कोणताही शब्द महाभारतात कुठे कुठे आला आहे, ते क्षणात सापडते. सुखठणकरांना याचा केवढा आनंद झाला असता! पण निव्वळ मजकूर पडद्यावर आला, की नागमोडी रेघ नाहीशी होते आणि तळटीपा मागे राहतात. शंकास्पद शब्दही मग पक्क्या शब्दासारखाच दिसू लागतो.

5 जानेवारी 2004 रोजी भांडारकर संस्थेवर जमावाने हल्ला केला आणि पोथ्या-ग्रंथांची नासधूस झाली. जुना कागद किती असहाय असतो, ते तेव्हा सर्वांना दिसले. पोथ्यांची छायाचित्रे संगणकात साठवण्याची निकड त्यामुळे कुणालाही पटेल. पण छायाचित्र म्हणजे संपादन नव्हे. पोथी वाचायची, तिचा मजकूर उतरवायचा, कोणता पाठ कुठून आला आणि कोणता शब्द संशयित आहे, हे संगणकाला कळेल अशा खुणांनी नोंदवायचे, हे त्यापुढचे काम. अशा खुणांची एक सामाईक पद्धत ठरवण्याचा आंतरराष्ट्रीय प्रयत्न 1987 पासून चालू आहे. यंत्र फरक भराभर दाखवते. पण त्यातला लेखनिकाचा प्रमाद कोणता आणि जुना अस्सल पाठ कोणता, हे ठरवायला भाषा, लिपी आणि छंद जाणणारा माणूसच लागतो.

असा माणूस तयार व्हायला वर्षे लागतात. जुनी लिपी वाचणारा आणि संगणकाची भाषाही जाणणारा तरुण पीएचडी करून बाहेर पडतो, तेव्हा त्याला बहुधा मिळते ती दोन-तीन वर्षांची संशोधनवृत्ती. मुदत संपली, की तो दुसऱ्या नोकरीच्या शोधात निघतो आणि हाती घेतलेली पोथी अर्ध्यावर राहते. सुखठणकर पंधराहून अधिक वर्षे एकाच कामावर राहिले, आणि त्यांच्यामागे ते काम पुढे नेणारी संस्था उभी होती. संगणक घेण्यासाठी पैसे उभे राहतात. तसेच ते त्या संगणकापुढे बसून नागमोडी रेघ कुठे ओढायची, हे ठरवणाऱ्या माणसाच्या पगारासाठीही उभे राहायला हवेत.