घरबसल्या खरेदीचं मूळ

मॉल आणि ऑनलाइन दुकानांच्या चढाओढीत मॉलला जुना आणि ऑनलाइनला नवखा समजतात. अमेरिकेतली वंशावळ पाहिली तर थोरलेपण घरबसल्या खरेदीकडे जातं, तेही ८४ वर्षांनी.

१८७२ साली शिकागोत ॲरन माँटगोमेरी वॉर्ड यांनी १६३ वस्तूंची यादी एका कागदावर छापून शेतकऱ्यांकडे धाडली. गावातला दुकानदार सांगेल तो भाव, अशी तोवरची रीत. या यादीत भाव छापलेला होता. पुढे सीअर्स कंपनीच्या जाडजूड कॅटलॉगात घड्याळांपासून शिलाई यंत्रापर्यंत सगळं आलं. १९०८ ते १९४० या काळात तर अख्खं घर मागवता येई. मापानं कापलेल्या, क्रमांक घातलेल्या तुळया, खिळे, रंग आणि जोडणीची पुस्तिका असं सगळं रेल्वेनं येई. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना मात्र या कॅटलॉगाचं मोल निराळंच होतं. गावच्या दुकानात गोऱ्या गिऱ्हाइकांचं आटपेपर्यंत ताटकळायचं, वर अपमान गिळायचा; कॅटलॉगातून मागवताना ते टळे. या साऱ्या इतिहासात मला हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. दुकानदार खवळले. काही गावांत कॅटलॉगांची होळी झाली. १९१३मध्ये सरकारी पार्सल सेवा सुरू झाली, तीही त्यांचा कडवा विरोध मोडूनच.

मग मोटारगाडी आली, माणसं शहरांकडे सरकली. सीअर्सनं १९२५मध्ये शिकागोत पहिलं दुकान उघडलं. १९५६मध्ये मिनिआपोलिसजवळ साउथडेल हा पहिला पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल उभा राहिला. त्याचे वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन मूळचे व्हिएन्नाचे. मॉलभोवती घरं, शाळा, बागा असं गाव वसवण्याचं त्यांच्या मनात होतं. बिल्डरांनी उचलला तो फक्त मॉल आणि भोवतीचा वाहनतळ. उतारवयात ग्रुएन यांनी या मॉलांचं पितृत्वच नाकारलं. पण तोवर देशभर मॉल उठले होते, आणि अनेकांत सीअर्सचं भलंमोठं दुकान होतं.

तोट्यातला मोठा कॅटलॉग सीअर्सनं १९९३मध्ये बंद केला. जेफ बेझोस यांनी ॲमेझॉन स्थापली १९९४मध्ये. टपालानं माल पोचवण्याचा शतकभराचा अनुभव गाठीशी असताना सीअर्सनं तो मार्ग सोडला, याची हळहळ वाटते. २०१८मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी ओहायोत, पाडून टाकलेल्या रँडल पार्क मॉलच्या जागेवर ॲमेझॉनचं गोदाम सुरू झालं. त्या मॉलमध्येही सीअर्सचं दुकान होतं.